अडीनडीचा खेळाडू

खेळाचा इतिहास म्हणजे विक्रमांचा इतिहास, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. कोणी किती धावा काढल्या, कोणी किती बळी घेतले, कोणता चषक कोणाकडे गेला, याची कोष्टके पाठ झाली म्हणजे त्या खेळाचा इतिहास कळला, असे आपण मानतो. ही कोष्टके खोटी नसतात, पण अपुरी असतात. कोण खेळला हे त्यांवरून कळते. कोणाला किती वर्षे दाराबाहेर तिष्ठत ठेवले, आणि आत घेतल्यावरही हुकूम देण्याचा अधिकार कोणाला दिला व कोणाला नाकारला, हे त्यांवरून कळत नाही. आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो माणूस निवडला आहे, त्याचे नाव या कोष्टकांत बरेच खाली सापडते. जीन बेकर हा अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमधला एक खेळाडू. ६३० सामने, २६५ची सरासरी, ३९ होमरन, एवढा त्याचा हिशेब. तरीही त्या देशाच्या सामाजिक इतिहासातील एक अवघड प्रश्न समजून घ्यायला या माणसाची कारकीर्द जितकी उपयोगी पडते, तितकी मोठमोठ्या विक्रमवीरांचीही पडत नाही, असे आमचे मत आहे.

बेसबॉल आपल्या गावच्या मैदानावर फारसा दिसत नाही. म्हणून दोन गोष्टी आधी सांगणे अवश्य आहे. एका कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौरसाची कल्पना करावी. त्याची प्रत्येक बाजू ९० फूट. खालच्या कोपऱ्यापाशी फलंदाज उभा राहतो. उरलेले तीन कोपरे म्हणजे पहिला, दुसरा आणि तिसरा बेस. चेंडू टोलवून, एकेक बेस गाठत, फेरी पुरी करून मूळ कोपऱ्यावर परतले की एक धाव. या चौरसाच्या आसपास चार क्षेत्ररक्षक असतात. तिघे तीन बेस सांभाळतात आणि चौथा दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या खिंडीत उभा असतो. या चौथ्याला शॉर्टस्टॉप म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजांचे बरेचसे फटके त्याच्या दिशेने येतात, आणि चेंडू उचलून लांबच्या पहिल्या बेसपर्यंत तो जोराने फेकावा लागतो. म्हणून ही जागा फार अवघड समजली जाते.

चारही कामे दुरून सारखी दिसली, तरी ती चार निराळ्या धंद्यांसारखी आहेत. तिसऱ्या बेसवर चेंडू इतक्या लवकर येतो, की विचाराला अवकाशच नसतो. दुसऱ्या बेसवरच्या माणसाला शॉर्टस्टॉपकडून आलेला चेंडू झेलून, अंगावर घसरत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बुटांपासून स्वतःचे पाय वाचवीत, जागच्या जागी वळून तो पहिल्या बेसकडे फेकावा लागतो. असे साधले म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद होतात. याला डबल प्ले म्हणतात. आता त्या काळी एका हंगामात १५४ सामने असत. इतक्या सामन्यांत कोणाचा घोटा मुरगळणार, कोणाला ताप भरणार, कोणाची बॅट रुसून बसणार. अशा वेळी यांपैकी कोणत्याही जागेवर उभा करता येईल असा एक माणूस प्रत्येक संघ बाळगतो. अमेरिकेत त्याला युटिलिटी इनफिल्डर म्हणतात. आपण त्याला अडीनडीचा खेळाडू म्हणू. गिरणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या बदली कामगारासारखीच त्याची स्थिती असते. दुसऱ्याचा खाडा झाला तरच त्याला काम. पण काम मिळाले की ते रोजच्या माणसाइतकेच चोख व्हावे, अशी अपेक्षा.

आणखी एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कप्तान घेतो. बेसबॉलमध्ये ते मॅनेजर घेतो. कोणाला खेळवायचे, कोणाला काढायचे, चेंडूफेक करणारा केव्हा बदलायचा, हे सारे तो सीमेवरच्या बाकावरून ठरवतो. अडीनडीच्या खेळाडूचे बहुतेक आयुष्य त्याच बाकावर जाते. सारी कामे शिकलेला, आणि बराच वेळ नुसता खेळ पाहणारा हा माणूस हळूहळू मॅनेजरच्या नजरेने खेळ पाहू लागतो. म्हणूनच बेसबॉलचे कितीतरी नामांकित मॅनेजर हे खेळाडू म्हणून बेताचेच होते. हा मुद्दा आम्हांला पुढे लागणार आहे.

बेकरचा जन्म १५ जून १९२५ चा, मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट या आयोवा राज्यातील गावी. तो कृष्णवर्णीय होता. आणि त्याच्या जन्माच्या वेळी अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक स्पर्धांत, म्हणजे मेजर लीगमध्ये, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी कायदा कोणी केला नव्हता. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा टोलेडोच्या संघातून खेळला होता. पुढे क्लबमालकांनी आपसांतल्या समजुतीने दार लावून घेतले. लेखी नियमाविरुद्ध दाद मागता येते. समजुतीविरुद्ध कोणाकडे जायचे? कृष्णवर्णीयांनी आपले संघ काढले, आपल्या स्पर्धा उभारल्या. त्या निग्रो लीग या नावाने ओळखल्या जात. त्यांतला कॅन्सस सिटी मोनार्क्स हा एक प्रतिष्ठित संघ. १९४५ साली जॅकी रॉबिन्सन या संघाचा शॉर्टस्टॉप होता. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सच्या वतीने मैदानात उतरला आणि साठेक वर्षांची बंदी मोडली. त्यानंतर वर्षभराने मोनार्क्सच्या त्याच शॉर्टस्टॉपच्या जागेवर जीन बेकर उभा राहिला.

१९४७ हे साल आपण वाचतो आणि दार उघडले असे समजतो. दार किलकिले झाले होते, इतकेच. १६ क्लबांपैकी निम्म्यांनी आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवायला १९५३ चा सप्टेंबर उजाडला. आणि सर्वांत शेवटचा क्लब जो बोस्टन रेड सॉक्स, त्याने तर १९५९ पर्यंत वाट पाहिली. ही बारा वर्षे कशी गेली, याचा दाखला म्हणजे बेकर. शिकागो कब्ज या क्लबाने त्याला १९५० साली करारबद्ध केले. त्या क्लबाने घेतलेला हा पहिलाच कृष्णवर्णीय खेळाडू. पण घेतला तो शिकागोच्या मैदानासाठी नव्हे. त्याला खंडाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिस येथील कब्जच्या दुय्यम संघात पाठवण्यात आले, आणि तेथे तो १९५३ पर्यंत राहिला.

या काळात शिकागोला चांगल्या शॉर्टस्टॉपची गरज नव्हती काय? १९५० च्या हंगामात तेथील शॉर्टस्टॉप रॉय स्मॉली याच्या हातून ५१ चुका झाल्या होत्या. बेकर मात्र पॅसिफिक किनाऱ्यावर उत्तम क्षेत्ररक्षक म्हणून नाव मिळवीत होता. याला का आणत नाही, असा प्रश्न शिकागोतील कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे विचारीत होती. अजून थोडा तयार व्हायला हवा, असे उत्तर अशा वेळी नेहमी तयार असते. अपात्र आहेस, असे स्पष्ट सांगितले तर माणूस भांडू तरी शकतो; अजून तयार नाहीस, असे सांगितले की त्याचे वय तेवढे वाढत जाते. १९५३ साली कब्जने ६५ सामने जिंकले, ८९ गमावले, आणि आठ संघांत सातवा क्रमांक मिळवला. तेव्हा कुठे सप्टेंबर महिन्यात, हंगाम संपता संपता, बेकरला बोलावणे आले. त्या वेळी त्याचे वय २८ वर्षांचे होते. धावपळीच्या या खेळात २८ हे भर मध्यान्हीचे वय.

येथे नियतीने एक चमत्कारिक योग जुळवून आणला. त्याच सुमारास कब्जने मोनार्क्सकडून २२ वर्षांचा आणखी एक शॉर्टस्टॉप विकत घेतला. त्याचे नाव अर्नी बँक्स. प्रवासात एका खोलीत राहायला बेकरला सोबती हवा, म्हणून बँक्सला घेतले, अशी कथा बेसबॉलच्या जगात अजून सांगितली जाते. बेकरला किरकोळ दुखापत झालेली होती. त्यामुळे १७ सप्टेंबर १९५३ रोजी बँक्स आधी मैदानात उतरला, आणि शिकागो कब्जचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू हा मान त्याच्या नावावर लागला. बेकरची पाळी २० सप्टेंबरला आली. साडेतीन वर्षे वाट पाहणाऱ्याचा मान तीन दिवसांनी हुकला.

पुढचा प्रश्न जागेचा होता. शॉर्टस्टॉप दोघे, जागा एक. क्लबाने ती बँक्सला दिली आणि बेकरला दुसऱ्या बेसवर आणले. ज्या जागेवर त्याची सारी व्यावसायिक कारकीर्द घडली ती सोडून, विशी उलटून गेल्यावर, त्याने नवे पदलालित्य शिकून घेतले. मेजर लीगमध्ये डबल प्लेच्या या दोन्ही जागांवर कृष्णवर्णीय खेळाडू असलेली ही पहिली जोडी. १९५४ साली पहिल्या बेसवर स्टीव्ह बिल्को होता, तेव्हा रेडिओवरचा समालोचक बर्ट विल्सन या तिघांच्या डबल प्लेला ‘बिंगो, बँगो, बिल्को’ असे म्हणत असे. यांतला बिंगो तो बँक्स आणि बँगो तो बेकर. १९५५ साली दोघांचीही निवड नॅशनल लीगच्या ऑल-स्टार संघात झाली. बँक्सने त्या वर्षी ४४ होमरन ठोकले. पुढे त्याची एकंदर संख्या ५१२ झाली, आणि १९७७ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. त्याच्या यशाबद्दल आम्हांला असूया नाही. बेकरलाही ती असल्याचे दिसत नाही. पण त्या तरुणाच्या पहिल्या दिवसांत शेजारी एक पोक्त, अनुभवी माणूस उभा होता, याची नोंद कोणत्याही कोष्टकात होत नाही.

मे १९५७ मध्ये कब्जने बेकरला पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबाशी अदलाबदलीत देऊन टाकले. त्या काळच्या करारांत एक कलम असे होते, की खेळाडू ज्या क्लबाचा झाला, त्याचाच तो राहायचा. क्लब त्याला दुसऱ्याला देऊ शके, पण खेळाडू आपण होऊन क्लब सोडू शकत नसे. हे बंधन १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयाने सैल झाले. बेकरच्या वेळी अदलाबदल झाली की मुकाट्याने बिऱ्हाड हलवायचे, एवढाच मार्ग होता. पिट्सबर्गला दुसऱ्या बेसवर बिल मॅझरॉस्की हा तरुण उभा होता आणि शॉर्टस्टॉपवर डिक ग्रोट. येथे बेकर खऱ्या अर्थाने अडीनडीचा खेळाडू झाला. आज तिसरा बेस, उद्या दुसरा, परवा दुसऱ्या कोणाऐवजी फलंदाजीपुरता. जुलै १९५८ मध्ये त्याच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली. १९५९ चा सबंध हंगाम बुडाला.

गुडघा गेलेला, पस्तिशीला आलेला राखीव खेळाडू क्लब सहसा ठेवत नाहीत. त्यातून तो कृष्णवर्णीय असला तर नाहीच. कारण या काळातली आणखी एक रीत पुढे अभ्यासकांनी आकडे मांडून दाखवून दिली. कृष्णवर्णीय खेळाडूला जागा मिळे ती बहुधा तो तारा असला तर. बाकावरच्या जागा, म्हणजे बेताच्या गुणांच्या माणसाला पोट भरता येईल अशा जागा, मुख्यतः गोऱ्यांसाठी राहत. असामान्य माणसाला प्रवेश देणे समाजाला फारसे जड जात नाही. सामान्य माणसाला सामान्य म्हणून शेजारी बसू देणे, ही खरी परीक्षा असते. पिट्सबर्गने १९६० साली बेकरला बाकावर ठेवून घेतले, ही गोष्ट म्हणून लहान नाही. त्या वर्षी पायरेट्सनी बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजना सात सामन्यांच्या जागतिक मालिकेत चार विरुद्ध तीन असे हरवले. १३ ऑक्टोबरला मॅझरॉस्कीने अखेरच्या डावात होमरन मारून निकाल लावला. बेकरच्या वाट्याला या मालिकेत तीन वेळा बदली फलंदाजी आली, आणि तिन्ही वेळा तो बाद झाला. पण विजेत्या संघातला तो एक होता.

१९६१ च्या उन्हाळ्यात त्याची मेजर लीगमधील खेळी संपली, आणि पायरेट्सच्या चालकांनी त्याला न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील बटेव्हिया या छोट्या गावच्या संघाचा मॅनेजर नेमले. हा पायरेट्सचाच दुय्यम संघ, व्यावसायिक बेसबॉलच्या अगदी तळच्या, ‘डी’ वर्गातला. कॅनडातील फार्नम येथील एका स्वतंत्र क्लबाची सूत्रे १९५१ साली सॅम बँकहेड या कृष्णवर्णीय खेळाडूने सांभाळली होती; पण अमेरिकेत, मेजर लीगच्या क्लबाशी बांधलेल्या संघाचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर म्हणून बेकरचेच नाव घेतले जाते. रॉबिन्सनच्या प्रवेशाला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. कृष्णवर्णीय माणूस गोऱ्यांबरोबर खेळू शकतो, हे मान्य व्हायला जो झगडा लागला, त्याहून गोऱ्यांना तो हुकूम देऊ शकतो, हे मान्य व्हायला लांब झगडा लागला.

आता मघाचा मुद्दा. बेकरला मोठी जागा मिळाली नाही याचे कारण त्याची योग्यता बेताची असेल, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर म्हणून आम्ही दुसऱ्या एका अडीनडीच्या खेळाडूचा दाखला देतो. जीन मॉख हा बेकरच्याच वर्षी, १९२५ साली जन्मला. तोही राखीव जागांवरच वावरला. सहा क्लबांतून मिळून तो ३०४ सामने खेळला, सरासरी २३९. दोन्ही आकडे बेकरहून कमी. मॉख गोरा होता. १९५३ साली, २७व्या वर्षी, त्याला अटलांटाच्या दुय्यम संघाचे मॅनेजरपद मिळाले. त्याच वर्षी बेकर अजून लॉस एंजेलिसला मेजर लीगच्या बोलावण्याची वाट पाहत होता. १९६० साली मॉख फिलाडेल्फियाच्या मेजर लीग संघाचा मॅनेजर झाला, आणि पुढे एकंदर २६ हंगाम त्याने ते काम केले. तो हुशार मॅनेजर होता, यात वाद नाही. अमुक पदासाठी अनुभव हवा, हेही खरे. पण अनुभव ज्या पायरीवर मिळतो, त्या पायरीवर एकाला सत्ताविसाव्या वर्षी उभे केले जाते आणि दुसऱ्याला छत्तिसाव्या, तेव्हा वरच्या पायरीवर त्या दोघांची तुलना करणे हा न्याय नव्हे.

कोच, म्हणजे मॅनेजरचा मदतनीस, या पदावरही हीच कथा. १९६२ साली कब्जने मोनार्क्सचे जुने मॅनेजर बक ओ’नील यांना मेजर लीगमधील पहिले कृष्णवर्णीय कोच म्हणून नेमले. पण मैदानाच्या कडेवरून धावणाऱ्यांना इशारे देण्याचे काम त्यांना दिले नाही. एका सामन्यात पंचांनी कब्जच्या दोघा जणांना बाहेर काढले, तेव्हा आपली पाळी आली असे ओ’नील यांना वाटले. पण त्यांना तसेच बाकावर बसवून, चेंडूफेकीचा सराव घेणाऱ्या दुसऱ्या कोचला मैदानाच्या टोकाकडून बोलावून आणले गेले. ओ’नील यांनीच ही हकीगत पुढे सांगितली आहे.

पुढच्याच वर्षी बेकर पायरेट्सचा कोच झाला, आणि २१ सप्टेंबर १९६३ रोजी लॉस एंजेलिस येथे डॉजर्सविरुद्ध नेमका तोच प्रसंग आला. पायरेट्सचे मॅनेजर डॅनी मर्टो यांना आठव्या डावात पंचांनी मैदानाबाहेर घालवले. या खेपेस कोणाला दुरून बोलावले नाही. उरलेल्या सामन्याची सूत्रे बेकरच्या हाती आली. सामना डॉजर्सनी जिंकला. हंगाम संपत आला होता, पायरेट्सना जिंकण्याहरण्याचे फारसे सोयरसुतक उरले नव्हते. पण मेजर लीगच्या सामन्यात एका कृष्णवर्णीय माणसाने संघाला आज्ञा दिल्या, आणि संघाने त्या पाळल्या, असे त्या दिवशी प्रथमच घडले. ज्या शहरात त्याला उमेदीच्या वर्षांत दुय्यम संघात अडकवून ठेवले होते, त्याच शहरात हे घडले. नियमाप्रमाणे सामना अधिकृत मॅनेजरच्याच खाती मांडला जातो. म्हणून तो पराभव मर्टोंच्या नावावर आहे आणि बेकरच्या नावापुढे मॅनेजर म्हणून काहीच नाही.

दहा वर्षांनी, ८ मे १९७३ रोजी, कब्जच्या मॅनेजरला पंचांनी बाहेर काढले, आणि उरलेला सामना त्यांच्या एका कोचने सांभाळला. तो कोच अर्नी बँक्स. मेजर लीगमध्ये संघाची सूत्रे हाती घेणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याचेच नाव सांगितले गेले. १९५३ मध्ये बँक्स खरोखरच तीन दिवस आधी आला होता. १९७३ मध्ये तो दहा वर्षे मागून आला होता. तरी स्मरणात राहिला तो बँक्सच. यात बँक्सचा दोष नाही. लोकांची स्मृती प्रसिद्ध नावाभोवती गोळा होते. ती विसकटून पुन्हा जागच्या जागी लावणे हे इतिहासाचे काम आहे.

ऑक्टोबर १९७२ मध्ये, मृत्यूपूर्वी अवघे नऊ दिवस, जॅकी रॉबिन्सनने भर मैदानातल्या सत्कारात सांगितले, की एखादा कृष्णवर्णीय चेहरा मॅनेजर म्हणून दिसेल तेव्हा आपल्याला अधिक आनंद होईल. तो दिवस ८ एप्रिल १९७५ रोजी क्लीव्हलँड येथे उगवला. फ्रँक रॉबिन्सन हा पहिला अधिकृत कृष्णवर्णीय मॅनेजर झाला. खेळाडू म्हणून मैदानाचे दार १९४७ साली उघडले. अधिकाराचे दार उघडायला त्यापुढे अठ्ठावीस वर्षे लागली. त्यातही ही जागा जिला मिळाली ती व्यक्ती बेसबॉलच्या इतिहासातील थोर फलंदाजांपैकी एक होती. मॉखसारख्या बेताच्या गोऱ्या खेळाडूला जी वाट मोकळी होती, ती बेकरसारख्याला त्या दिवशीही मोकळी झाली नव्हती.

बेकरने पुढे वीसहून अधिक वर्षे पायरेट्ससाठी मध्य-पश्चिमेतील गावोगाव हिंडून नवे खेळाडू हेरण्याचे काम केले. बिऱ्हाड डॅव्हनपोर्टलाच होते. तेथेच १ डिसेंबर १९९९ रोजी त्याचे निधन झाले.

कोणत्याही समाजात समतेची मोजणी करताना आपण बहुधा पहिल्या प्रवेशाची तारीख पाहतो. अमुक साली पहिला विद्यार्थी, अमुक साली पहिला अधिकारी, आणि मग तो विषय संपला असे मानतो. बेकरच्या कारकिर्दीवरून आणखी दोन प्रश्न विचारायला आपण शिकावे, असे आम्हांला वाटते. आत आलेल्यांपैकी जे असामान्य नाहीत, त्यांना तेथे टिकता येते काय? आणि आत आलेल्याचा शब्द इतरांना पाळावा लागतो काय? या दोन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळेपर्यंत १९४७ सारख्या तारखांकडे आरंभ म्हणूनच पाहिले पाहिजे.